पंखावरची हवा : लेखांक ९
खवळलेला प्रवाह पुन्हा शांत होतो तेव्हा

तीन खाचांच्या फ्लॅपचं वर्णन या आठवड्यात यायचं होतं. ते पुढं जातंय, कारण एका वाचकाचा प्रश्न त्याआधी सुटायला हवा. सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा थर, एकदा संक्षुब्ध (खवळलेला) झाला, की तो पुन्हा स्तरीय (शांत) होऊ शकतो का?

होऊ शकतो. उतरायला निघालेल्या विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या स्लॅटचं नाक ही त्यासाठी अगदी सोयीची जागा आहे.

हवा जिथं पंखाच्या वर आणि खाली अशी फुटते, ती रेषा पंखाच्या पुढच्या कडेलगत मुळापासून टोकापर्यंत जाते. पंख मागं झुकलेला असला, की थोडी हवा या रेषेवरूनच टोकाकडे वाहत राहते. मुळाशी विमानाच्या धडावरचा संक्षुब्ध सीमास्तर आयताच असतो. तो या रेषेत शिरला, तर पंखभर पसरतो, आणि स्लॅटवरची हवा सुरुवातीपासूनच खवळलेली असते.

पण स्लॅटचं नाक ओलांडताना हीच हवा अगदी थोड्या अंतरात जबरदस्त वेग घेते. या वेगवाढीनं संक्षोभ दबतो. तो का दबतो, याचा उलगडा करणारा महत्त्वाचा निबंध १९७३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आला. रोद्दम नरसिंह आणि के. आर. श्रीनिवासन यांनी दाखवलं, की हवेच्या चिकटपणामुळं संक्षोभ विरून जातो हे इथं मुख्य कारण नाही. दाबाचा जोर इतका वाढतो, की संक्षोभाचे संथपणे बदलणारे ताण त्यापुढं निष्प्रभ ठरतात. बाहेरच्या भागात ते जवळजवळ होते तसेच राहतात आणि पृष्ठभागालगत नवा स्तरीय थर वाढू लागतो. याच नरसिंहांनी १९५८ साली आपले गुरू सतीश धवन यांच्यासोबत उलट प्रवासाचा, म्हणजे स्तरीय प्रवाह संक्षुब्ध कसा होतो याचा, अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच संशोधकानं दोन्ही वाटा तपासल्या, हे विलक्षण आहे.

आता मोजणी. नासाच्या लँगली केंद्राकडं बोइंग ७३७ जातीचं पहिलंवहिलं विमान होतं. १९९०च्या दशकात त्याच्या स्लॅट, मुख्य पंख आणि फ्लॅपवर मोजणीची साधनं बसवून उड्डाणं झाली. दाबासाठी बारीक नळ्यांचे पट्टे होते, पृष्ठभागावरच्या घर्षणासाठी प्रेस्टन नळ्या होत्या, आणि प्रवाहाची अवस्था ओळखायला मागच्या वेळी पाहिलेल्या हॉट-फिल्म.

ही फिल्म विजेनं तापवलेली असते आणि वाहती हवा तिची उष्णता नेते. स्तरीय प्रवाह कमी उष्णता नेतो, म्हणून संकेताची रेघ खाली आणि जवळपास सपाट राहते. संक्षुब्ध प्रवाह जास्त नेतो, तेव्हा रेघ वर चढते आणि सतत थरथरते. मधल्या अवस्थेत सपाट रेघेत अधूनमधून उसळ्या दिसतात. म्हणून फिल्म एकीपुढं एक अशा ओळीनं चिकटवायच्या. रेषेवरची फिल्म थरथरतेय आणि नाकावरची शांत झालीय, असं दिसलं, की प्रवाह परतल्याची खूण मिळते.

हे आकाशातच मोजायचं कारण आकारात आहे. वेगवाढीचा जोर सांगणारी एक परिमाणरहित संख्या साधारण दशलक्षात तीनच्या वर गेली, की प्रवाह शांत होऊ लागतो. पण आकारासोबत रेनॉल्ड्स संख्या वाढली, की वेगवाढीची ही संख्या घटते. वातबोगद्यातल्या लहान प्रतिकृतीवर बहुधा ती मूळ रेषाच स्तरीय असते. खऱ्या विमानावर ती संक्षुब्ध होऊ शकते आणि पुढं हवा शांत होईलच, याची खात्री नसते. नाही झाली, तर स्लॅटमागचा संथ हवेचा पट्टा जाडावतो, मुख्य पंखाच्या सीमास्तरात मिसळतो आणि उचल घटते. त्यामुळं प्रतिकृतीवरून बांधलेला उचलीचा अंदाज चुकू शकतो.

पुढच्या लेखांकात तीन खाचांचा फ्लॅप घेऊ. त्याआधी थोडी जागा मायकेल गॅस्टर यांच्या उंचवट्याला द्यावी लागेल. पंखाच्या मुळाजवळ, त्याच रेषेवर बसवलेला हा छोटा उंचवटा धडाकडून येणारा खवळलेला प्रवाह बाजूला वळवतो आणि त्याच्यापुढं नवा स्तरीय सीमास्तर सुरू करून देतो.