आधी गोष्ट निवडा, मग विमान!

तंजावरच्या आकाशात गडगडाट झाला की मुलं गच्चीकडे धावतात. जानेवारी २०२०पासून इथल्या हवाई तळावर हवाई दलाची २२२वी स्क्वाड्रन, म्हणजे ‘टायगरशार्क्स’, सुखोई-३० विमानं उडवते. अशा वेळी घरातल्या कुणी विमानाचं प्लास्टिक किट मागितलं, तर दुकानातली सर्वात मोठी पेटी उचलू नका. आधी विचारा, ‘कुठल्या विमानाची गोष्ट सांगायची आहे?’

याच स्क्वाड्रनची गोष्ट घ्या. १९६९मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्याकडे सुखोई-७ विमानं होती. दुसऱ्या एका स्क्वाड्रनमधून हेच विमान उडवणारे दिलीप परुळकर डिसेंबर १९७१च्या युद्धात पाकिस्तानात पडले आणि युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये दोन साथीदारांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. थेट अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले आणि तिथे पकडले गेले. ही गोष्ट माहीत असली की हातातला तुकडा नुसता प्लास्टिकचा राहत नाही.

पेटी घेताना

भारताकडे ‘बीएमके’ प्रकारची सुखोई-७ होती. पेटीवर तेच नाव आणि आत भारतीय चिन्हांची डेकल्स आहेत ना, ते पाहा. खरं विमान जवळपास १७ मीटर लांब. १:७२ प्रमाणात मॉडेल साधारण २३ सेंटिमीटरचं होतं, १:४८मध्ये ३५. पहिल्यांदाच करत असाल तर लहान घ्या. खर्च कमी आणि पुस्तकांच्या कपाटात सहज मावतं.

बारकावे कुठे?

चिकटवण्याआधी भाग नुसते जोडून पाहा. मॉडेल शेपटीवर बसत असेल, तर पुढच्या भागात शिशाचं छोटं वजन लपवा. तोंडाच्या गोल भोकातला शंकू, पाठीवरून गेलेले दोन लांब उंचवटे आणि पोटाखाली शेजारीशेजारी लावलेल्या दोन इंधनटाक्या, ही या विमानाची ओळख. इंजिन इंधन भरपूर खायचं, म्हणून त्या टाक्या.

रंग तारखेवरून ठरवा. युद्धाआधी ही विमानं धातूच्या रुपेरी रंगात असत. युद्धकाळात त्यांतल्या काहींवर लपण्यासाठीचे रंग चढले. म्हणून एकाच विमानाचा, एकाच काळातला फोटो समोर ठेवा. रुपेरी रंगाखाली चकचकीत काळा थर दिला तर धातूची झळाळी येते. इंजिनाच्या नळीजवळ मात्र उष्णतेने काळपटलेली छटा हवी. सांध्यांच्या रेषांत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसून घ्या. चक्रात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. इथे घाईत चूक होते.

तंजावरच्या ऑक्टोबर-डिसेंबरच्या पावसात रंग फवारू नका. दमट हवेत चकाकीवर पांढरट धूसरपणा येतो. कटर मोठ्यांच्याच हाती असू द्या आणि गोंद-रंगाचं काम उघड्या खिडकीपाशी करा.

शेवटी स्टँडवर एक छोटी चिठ्ठी लावा: विमानाचं नाव आणि वर्ष. पाहुण्यांनी विचारलं, ‘हे कुठलं रे?’ तर उत्तर मुलालाच देऊ द्या.