‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’मध्ये चुकतंय काय? घोळ आहे ‘आहे’चा!

ऑफिसच्या ग्रुपवर बॉस विचारतो, फाइल पाठवली का? तुम्ही लगेच टाइप करता, ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’. अर्थ पोचतो, पण वाक्य चुकलेलं असतं. एकतर ‘आय हॅव सेंट इट’ म्हणा, नाहीतर ‘आय सेंट इट यस्टरडे’.

ही चूक मराठी माणसाकडून हमखास होते, कारण ‘मी काल फाइल पाठवली आहे’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. त्यात शाळेत शिकलेलं सूत्र : शेवटी ‘आहे’ आलं की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावा. सोपं आहे, म्हणूनच फसवं. आपलं ‘आहे’ ‘काल’सोबत सुखाने नांदतं, इंग्रजीतल्या ‘हॅव’चं तसं नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो असा संपलेला काळ आला, की सिंपल पास्टच.

सचिनचं बघा. ‘सचिन हॅज स्कोअर्ड 100 इंटरनॅशनल सेंच्युरीज’ चालतं, कारण कधी ते सांगितलेलं नाही आणि विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. पण शंभरावं शतक 16 मार्च 2012 रोजी मीरपूरमध्ये झालं, हे सांगताना फक्त ‘स्कोअर्ड’. माणूस गेला तरी काळ बदलतो. लता मंगेशकरांच्या गाण्यांबद्दल ‘शी हॅज रेकॉर्डेड’ म्हणता येत होतं. 6 फेब्रुवारी 2022 नंतर ते ‘शी रेकॉर्डेड’ झालं.

खरी अडचण होते ती इंटरव्ह्यूत. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं, की समोरचा समजतो नोकरी सुटली. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. आणि ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’? ते ‘तीन वर्षांपासून काम करतोय’चं शब्दशः भाषांतर, बाकी काही नाही.

मग अमेरिकन सिरीजमध्ये सर्रास ‘डिड यू ईट यट?’ कसं ऐकू येतं? ब्रिटिश माणूस तिथे बहुधा ‘हॅव यू ईटन यट?’ म्हणेल. जस्ट, ऑलरेडी, यट यांच्यासोबत अमेरिकन बोलण्यात सिंपल पास्ट चालतो. ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ मात्र त्यांनाही खटकतं.