वासानं भूक मरते का?

‘करता करता वासानंच पोट भरलं,’ हे वाक्य आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. सणाचा पुरणावरणाचा स्वयंपाक उरकून बाई शेवटी पानावर बसते आणि अर्ध्या पोळीवर उठते. त्याच फोडणीच्या वासानं बाहेर ओसरीवर बसलेल्यांच्या तोंडाला मात्र पाणी सुटलेलं असतं. वास एकच, एकाची भूक मारतो, दुसऱ्याची चाळवतो. असं का व्हावं, या प्रश्नामागे मी काही वर्षं लागलो आहे.

त्याला निमित्तं दोन. मला मधुमेह आहे आणि खाण्यावर ताबा ठेवणं ही माझी रोजची लढाई. एका विक्रेत्यानं मला सुगंधी तेलाची लहानशी बाटली दाखवली. दिवसातून चार वेळा हुंगा, भूक आपोआप कमी होईल, असा त्याचा दावा होता. दुसरं निमित्त माझी आई. वयाची ऐंशी ओलांडलेल्या आईला करोनानंतर वास येईनासा झाला आणि तिचं जेवण निम्म्यावर आलं. एकाच घरात एकाला भूक कमी हवी होती, दुसऱ्याला जास्त.

आमचं वसमत हळदीचं गाव. २०२४ साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. काढणीनंतर शिवारात हळद शिजते, वाळते, पॉलिश होऊन मोंढ्यात येते. त्या दिवसांत गावाला तिचाच वास असतो. या हळदीनंच मला पहिला धडा दिला. हळदीचा रंग वेगळा आणि वास वेगळा. पिवळेपणा करक्युमिनचा, ते हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. वास असतो तो उडणाऱ्या तेलाचा. वाळलेल्या हळकुंडात ते साधारण ३ ते ५ टक्के भरतं आणि त्यात टर्मरोन नावाची द्रव्यं प्रमुख असतात. वाफेवर काढलेल्या हळदीच्या तेलात करक्युमिन जवळजवळ नसतंच. म्हणजे करक्युमिनचे छापून आलेले गुण त्या तेलाच्या बाटलीवर चिकटवता येत नाहीत. कुठल्याही सुगंधी तेलाबद्दल हा प्रश्न आधी विचारावा: वनस्पतीचा जो गुण सांगितला जातोय, तो या बाटलीत उतरला आहे का?

आता नाकाकडे वळू. नाकाच्या छताशी गंध ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांचं जनुकीय कूळ उलगडलं आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. गंध तिथे दोन वाटांनी पोचतो. एक श्वासाबरोबर बाहेरून, दुसरी घास चावताना घशाच्या मागून. ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा या मागच्या वाटेनं येतो. सर्दीत वरण बेचव लागतं ते जिभेमुळे नव्हे, ही वाट बंद झाल्यामुळे. उलट दिशेनंही देवाणघेवाण चालते. रिकामं पोट घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि त्यामुळे नाक अधिक तीक्ष्ण होतं. भुकेल्या माणसाला शेजारच्या घरातली भाकरी कळते ती उगाच नाही.

मग स्वयंपाक करणाऱ्या बाईचं पोट कशानं भरतं? १९९७ साली एडमंड रोल्स आणि ज्युलिएट रोल्स यांनी माणसांना केळं किंवा कोंबडीचं मांस एका जेवणाला लागेल इतका वेळ नुसतं हुंगायला दिलं. त्यानंतर त्या पदार्थाचा वास त्यांना पूर्वीइतका हवाहवासा वाटेना. यातला ‘त्या पदार्थाचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मन त्या वासापुरतं भरतं. पोट रिकामंच असतं. पुरणाला विटलेली बाई ताकभाताला नाही म्हणत नाही, ती यामुळेच.

विक्रेते ज्याचा आधार घेतात तो प्रयोग १९९५ सालचा. शिकागोच्या अ‍ॅलन हर्श यांनी ३,१९३ स्थूल व्यक्तींना पुदिना, केळं आणि हिरव्या सफरचंदाचे वास हुंगायला दिले. सहा महिन्यांत सरासरी तेरा किलोच्या आसपास वजन उतरल्याचं त्यांनी मांडलं. पण वास न घेणारा तुलनेचा गट त्यात नव्हता. वजन कमी करायचं मनावर घेतलेला माणूस वासाविनाही कमी खातो. पुढे अन्नावर भुरभुरण्याची त्यांची ‘सेन्सा’ ही पूड बाजारात आली आणि २०१४ साली निराधार दाव्यांबद्दल त्या कंपनीला अमेरिकेत २ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

जपानमधल्या संशोधकांनी २००५ साली उंदरांवर काम केलं. ग्रेपफ्रूटच्या, म्हणजे आपल्या पपनसाच्या भावकीतल्या फळाच्या तेलाचा वास दिल्यावर त्यांचं खाणं आणि वजन घटलं. लॅव्हेंडरनं उलट परिणाम झाला. उंदरांचं हे फळ माणसाच्या पदरात तसंच्या तसं टाकता येत नाही. २०१४ साली नेदरलँड्समध्ये माणसांना वीस मिनिटांपर्यंत अन्नाच्या वासात ठेवलं, तेव्हा त्या पदार्थाची इच्छा वाढलेलीच राहिली. २०१९ साली अमेरिकेत मात्र चमचमीत पदार्थाचा वास दोन मिनिटांहून अधिक घेतलेल्या ग्राहकांनी तसे पदार्थ कमी विकत घेतले. यातून हाती येतं ते एवढंच: वास काय खावंसं वाटेल हे थोडा वेळ बदलू शकतो, एकूण भुकेवर त्याचं राज्य चालत नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माझ्यासारख्यानं तर बाटलीच्या भरवशावर जेवण चुकवणं धोक्याचं.

आईच्या बाबतीत वासानं अधिक साथ दिली. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुम्मेल यांनी २००९ साली वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे हुंगायला दिले. बऱ्याच जणांची गंधशक्ती काही अंशी सुधारली. हे चारही वास आपल्याकडे सहज मिळतात. डॉक्टरांना विचारून आम्ही तेच सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात आईनं लवंग ओळखली. तिचं जेवण पूर्ववत झालं नाही, पण लसणाच्या फोडणीचं वरण ती पुन्हा मागून घेऊ लागली. एक काळजी मात्र घ्यावी: ही तेलं हुंगायची, प्यायची नाहीत. निलगिरीचं तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. बाटली कडीकुलपातच हवी.

चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. हळद त्यातल्या लेखनीय, म्हणजे वाढलेला मेद खरवडणाऱ्या गटात येते. अग्नी चेतवणारा दीपनीय गट आहे. त्यात सुंठ, मिरी आणि हिंग आहेत. खोटी तृप्ती घालवणारा तृप्तिघ्न गट आहे. तहान आवरणारा तृष्णानिग्रहण गटही आहे. भूक आवरणारा गट मात्र पन्नासांत एकही नाही. ज्या मुलखानं दुष्काळ पाहिले, तिथे भूक मारण्याचं औषध कुणी शोधलं नसावं, असं मला वाटतं. आज आमच्याच गल्लीत एका दारी वजनकाटा आहे आणि शेजारच्या दारी न जेवणारी म्हातारी. सुगंधी बाटलीचा खरा उपयोग त्या दुसऱ्या दारी अधिक आहे.