यूडेममधून आकाशावर पहारा

जर्मनीत ट्रेनच्या खिडकीतून पवनचक्क्या तर तुम्ही रोज बघता. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर रशियाचा हल्ला सुरू झाला त्याच पहाटे, मध्य युरोपातल्या एनरकॉनच्या सुमारे ५,८०० चक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. चक्क्या फिरत होत्या, पण लांबून ना त्यांची देखरेख करता येत होती ना नियंत्रण. हल्ला चक्क्यांवर नव्हताच, तो का-सॅट उपग्रहाच्या नेटवर्कवर होता. निशाण्यावर युक्रेन होता, चक्क्या मध्ये सापडल्या.

अशा जगासाठी जर्मन सैन्याची अंतराळ कमांड जुलै २०२१ मध्येच उभी राहिली होती, डच सीमेजवळच्या यूडेम नावाच्या छोट्या गावात. अमेरिकेने २०१९ मध्ये स्वतंत्र अंतराळ दलच काढलं. जर्मनीने कमांड हवाईदलाखाली ठेवली. काम मुख्यतः पहाऱ्याचं: कोणाचा उपग्रह कुठे सरकतोय?

सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पिस्टोरियस यांनी २०३० पर्यंत ३५ अब्ज युरो जाहीर केले. जर्मन सैन्य वापरतं त्या दोन इंटेलसॅट उपग्रहांच्या मागावर रशियन उपग्रह आहेत, असंही ते म्हणाले. आणि आक्रमक क्षमतेचा विषय काढला. मला खटकतं ते इथे. १९६७ चा करार कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घालतो, जॅमरला नाही. आणि एकाच उपग्रहावर सैन्यही असतं, चक्क्याही.