१९८१: विजेत्याविना संपलेली स्पर्धा

ब्रिटिश होम चॅम्पियनशिप ही जगातली पहिली आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार शेजाऱ्यांमध्ये ती १८८३-८४ च्या हंगामात सुरू झाली. प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेक सामना खेळे. आयर्लंडची फाळणी झाल्यावर बेलफास्टच्या आयरिश फुटबॉल असोसिएशनचा संघ पुढे उत्तर आयर्लंड म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन महायुद्धांच्या काळात स्पर्धा बंद होती. तो काळ वगळता ती अर्धवट राहिली एकदाच, १९८१ मध्ये.

उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार १९६० च्या दशकाच्या अखेरीस भडकला. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे बहुसंख्य प्रोटेस्टंट आणि आयर्लंडच्या एकीकरणाची आस असलेले कॅथलिक, असा हा संघर्ष होता. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैन्याने मोर्चावर गोळीबार केला. त्या दिवशी तेरा निःशस्त्र माणसे मारली गेली. त्यानंतर पाहुणे संघ बेलफास्टला येईनासे झाले. १९७३ मध्ये उत्तर आयर्लंडला इंग्लंड आणि वेल्सविरुद्धचे ‘घरचे’ सामने लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर खेळावे लागले. इंग्लंड आणि वेल्स १९७५ मध्ये बेलफास्टला परतले. स्कॉटलंडने मात्र १९७० नंतर बेलफास्टच्या विंडसर पार्कवर पाऊल ठेवले ते १९८० मध्येच.

ते वर्ष आयरिश असोसिएशनच्या शताब्दीचे होते. उत्तर आयर्लंडने स्कॉटलंडला १-० असे हरवले, वेम्ब्लीवर इंग्लंडशी १-१ अशी बरोबरी केली, कार्डिफमध्ये वेल्सवर १-० असा विजय मिळवला आणि चषक जिंकला. याआधी आयर्लंडच्या संघाने एकट्याने चषक जिंकला होता तो १९१४ मध्ये. प्रशिक्षक बिली बिंगम यांच्या या संघात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळत होते. दोन समाजांत रक्त सांडत असलेल्या प्रदेशात ही गोष्ट चषकापेक्षा कमी मोलाची नव्हती.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. आपल्याला गुन्हेगार नव्हे तर राजकीय कैदी मानावे, या मागणीसाठी मेझ तुरुंगातल्या आयरिश प्रजासत्ताकवादी कैद्यांनी १ मार्च १९८१ पासून उपोषण आरंभले. त्यांच्यातले बॉबी सँड्स तुरुंगात असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माघार घेतली नाही. ५ मे रोजी, उपोषणाच्या सहासष्टाव्या दिवशी, सँड्स यांचा मृत्यू झाला आणि बेलफास्टमध्ये दंगली उसळल्या. १२ मे रोजी दुसऱ्या उपोषणकर्त्याने प्राण सोडला.

इंग्लंडचा संघ १६ मे रोजी बेलफास्टला खेळणार होता, वेल्सचा त्यानंतर आठवडाभरात. दोघांनीही येण्यास नकार दिला. स्कॉटलंडपुढे हा प्रश्नच नव्हता, कारण त्या वर्षी त्यांचा उत्तर आयर्लंडशी सामना ग्लासगोत होता. तो त्यांनी २-० असा जिंकला.

खेळाडूंच्या जिवाची काळजी खोटी म्हणता येणार नाही. २१ मे या एकाच दिवशी आणखी दोन उपोषणकर्ते मरण पावले. शहरातला संताप शमण्याची चिन्हे नव्हती. तरीही सँड्स मृत्युशय्येवर असताना, २९ एप्रिल रोजी, पोर्तुगालचा संघ विश्वचषक पात्रता सामन्यासाठी विंडसर पार्कवर येऊन खेळून गेला होता, आणि गेरी आर्मस्ट्राँगच्या गोलवर उत्तर आयर्लंडने तो सामना जिंकला होता. दूरचे आले आणि शेजारी आले नाहीत, ही सल बेलफास्टच्या फुटबॉलप्रेमींना बोचणारीच होती. सामने १९७३ सारखे दुसऱ्या शहरात हलवता आले असते. तसे न करता ते रद्दच झाले, आणि गतविजेत्यांना घरच्या मैदानावर एकही सामना न खेळता चषकावर पाणी सोडावे लागले.

या निर्णयाची झळ वेल्सलाही बसली. स्कॉटलंडला २-० असे हरवून आणि इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी करून त्यांनी तीन गुण मिळवले होते. स्कॉटलंडचे तिन्ही सामने होऊन चार गुण झाले होते. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. बेलफास्टमध्ये जिंकले असते, तर १९३७ नंतर प्रथमच वेल्सने एकट्याने चषक पटकावला असता. सामनेच अपुरे राहिल्याने स्पर्धा रद्दबातल ठरली.

उपोषण ३ ऑक्टोबर रोजी संपले; तोवर दहा जणांचा बळी गेला होता. त्याच महिन्यात स्कॉटलंडचा संघ विश्वचषक पात्रता सामन्यासाठी बेलफास्टला आला आणि गोलशून्य बरोबरीत खेळला. दोन्ही संघ १९८२ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. तिथे व्हॅलेन्सियात उत्तर आयर्लंडने यजमान स्पेनला १-० असे हरवले. गोल पुन्हा आर्मस्ट्राँगचाच होता.

होम चॅम्पियनशिप मात्र फार काळ टिकली नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडने १९८३ मध्ये अंग काढून घेण्याचे ठरवले. १९८४ च्या अखेरच्या स्पर्धेत चारही संघांचे तीन-तीन गुण झाले, गोलफरकावर उत्तर आयर्लंड विजेता ठरला, आणि स्पर्धाच बंद झाल्याने चषक कायमचा आयरिश असोसिएशनकडे राहिला.