कोकम रेडी, कॉकटेल गायब!

गुरुवारी रात्री साडेनऊला मेसेज टपकला. ‘अपरिहार्य कारणास्तव शनिवारचा फेस्टिव्हल रद्द.’ शेवटी एक रडका स्मायली. बास! तीन आठवडे आमच्या ग्रुपने ज्या वीकेंडसाठी सुट्ट्या, लिफ्ट आणि कपडे ठरवले होते, तो वीकेंड त्या स्मायलीने गुंडाळला.

पुण्यातलं एक लॉन, दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत कॉकटेल्स आणि थीम ‘कोकण’. कोकम, गवती चहा, गूळ आणि चक्क तिरफळ! बांगड्याच्या आमटीतून उठून थेट जिनच्या ग्लासात. आई म्हणाली, ‘‘तिरफळाचा आणि दारूचा काय संबंध गं?’’ तेच चाखून मी लिहिणार होते. दोन पानं, रंगीत फोटो. फ्रीलान्सरला कार्यक्रमच झाला नाही तर मानधन कुठलं?

तर ‘अपरिहार्य कारण’ काय? तारीख होती २३ नोव्हेंबर २०२४, म्हणजे विधानसभेची मतमोजणी! मतदान बुधवारी, २० तारखेला. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी असते, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे (त्या आठवड्यात वाइन शॉपसमोरच्या रांगा बघा). लोकप्रतिनिधित्व कायद्यातच ते कलम आहे. पण मोजणीच्या दिवशीही जिल्हाधिकारी ड्राय डे लावतात, हे आयोजकांच्या डोक्यातून साफ निसटलं. मतदानाचा बुधवार टाळला आणि आले नेमके मोजणीच्या शनिवारी.

बरं, यात अचानक असं काहीच नव्हतं. दोन्ही तारखा १५ ऑक्टोबरलाच जाहीर झाल्या होत्या आणि तिकिटं निघाली दिवाळीत! त्याच वर्षी ४ जूनला लोकसभेच्या मोजणीच्या वेळी मुंबईतले हॉटेलवाले हायकोर्टात गेले होते, आणि निकाल जाहीर झाल्यावर विक्रीची मुभा मिळाली होती. म्हणजे धंदेवाल्यांना हा दिवस चांगलाच ठाऊक आहे. लॉनवाल्या इव्हेंटला तर एक दिवसाचा तात्पुरता परवाना लागतो. ड्राय डेला तो कोण देणार? तो हातात येण्याआधीच तिकिटं विकायची, हा यांचा फंडा.

आपलं काय, तिकिटाचे पैसे दहा दिवसांनी परत आले. बुकिंग फी कापून, अर्थात. खरा चटका बसला तो माझ्या एका मित्राला. सप्टेंबरमध्ये बड्या हॉटेलातली बारटेंडरची नोकरी सोडलेला. स्वतःच्या नावाचा हा त्याचा पहिलाच स्टॉल. वीस हजार रुपये आगाऊ भरलेले, शिवाय मालवणहून आगळ मागवून बारा लिटर सिरप करून ठेवलेलं. शुक्रवारी सकाळी गेले तर किचनच्या ओट्यावर बाटल्यांची रांग आणि हा खाली फरशीवर बसलेला.

‘‘अगं, फोन लावतोय कालपासून. उचलतच नाहीत.’’

‘‘करारात काय लिहिलंय?’’

‘‘स्टॉलचे पैसे नॉन-रिफंडेबल.’’

मला तो कागद वाचून राग आला. ‘दैवी आपत्ती’ आली तर आयोजक जबाबदार नाहीत म्हणे. निवडणूक ही दैवी आपत्ती? काही जण म्हणतीलही, पण कॅलेंडर न बघणं ही तर नक्कीच नव्हे!

संध्याकाळी त्याला शेवटी एक मेल आला. त्याचे पैसे ‘पुढच्या फेस्टिव्हलसाठी जमा’. तो पुढचा फेस्टिव्हल मी अजून तरी ऐकलेला नाही.

शनिवारी आम्ही सात जण त्याच्या गच्चीवर जमलो. टीव्हीवर निकाल, पुढ्यात सोडा, कोकम आणि वर तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा पाक. दारूचा थेंब नाही, पण सॉल्लिड लागलं! खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन ग्लास संपवले आणि विचारलं, ‘‘अरे, माझ्या पुतणीच्या केळवणाला करशील का? चाळीस माणसं आहेत.’’

त्याने लगेच हो म्हटलं नाही. आधी काकूंना तारीख विचारली, मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं आणि मग म्हणाला, ‘‘अर्धे पैसे आधी घेईन हं, काकू.’’