‘फक्त बेल्टच तुटलाय हो!’

‘गाडी एकदम ठणठणीत आहे वहिनी, फक्त बेल्ट तुटलाय. नवा टाकला की झालं!’ जुनी मोटार स्वस्तात विकणारे गृहस्थ असं म्हणतात तेव्हा आपले यजमान मान डोलावतात आणि आपण चहा टाकायला आत जातो. भगिनींनो, त्या दिवशी चहा जरा उशिरा टाका. पैसे घरातलेच जाणार आहेत, कुणाची भिशी तर कुणाची मोडलेली ठेव. तेव्हा दोन प्रश्न आपणही विचारायला काय हरकत आहे?

पहिला प्रश्न, कुठला बेल्ट? मोटारीत बेल्ट एकच नसतो. बॉनेट उघडलं की बाहेरून दिसतो तो अल्टरनेटरचा; जुने मिस्त्री त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात. तो तुटला आणि गाडी वेळीच थांबवली असेल, तर काम थोडक्यात आटपतं. टायमिंग बेल्टची गोष्ट निराळी. तो झाकणाआड असतो, रबराचा, आतून दाते असलेला.

हा फरक शिलाई मशीनवरून चटकन कळेल. पायमशीनचा चामडी पट्टा तुटला तर मशीन नुसतं थांबतं. नवा पट्टा घातला की पुन्हा सुरू. पण सुई आणि शटल यांचा मेळ चुकला तर? सुई शटलवर आपटते आणि कट्कन मोडते. (आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना हे उदाहरण फार पटलं.) टायमिंग बेल्ट असाच मेळ राखत असतो. इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतो आणि त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह नावाच्या झडपा उघडमीट करतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो! बेल्ट तुटला की काही व्हॉल्व्ह उघडेच अडकतात, आणि पिस्टन मात्र वेगात वर येतोच. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे खरोखरच नवा बेल्ट टाकून भागतं. डिझेलमध्ये ही जागा फार थोडी. तिथे व्हॉल्व्ह वाकलेत असंच धरून चालावं.

दुसरा प्रश्न, बेल्ट तुटला तेव्हा गाडी काय करत होती? उभ्या गाडीत, सुरू करताना तुटला असेल तर थोडी आशा असते. हायवेला वेगात तुटला असेल तर नुकसान जास्त.

माझी एक मैत्रीण कराडला असते. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षाने येता-जाता ते अगदी गळून जातात, म्हणून त्या दोघांनी एक जुनी डिझेल गाडी बघितली. बेल्ट तुटलेली, तीही हायवेला. मालक म्हणाले, ‘धक्का मारून बघू, होईल सुरू.’ तिने साफ नाही म्हटलं, आणि फार शहाणपणा केला. अशी गाडी धक्क्याने किंवा सेल्फ मारून फिरवली तर शाबूत राहिलेले व्हॉल्व्हही वाकू शकतात. ‘इसार नंतर. आधी आमचा मिस्त्री बघेल, तपासणीचा खर्च आमचा,’ ती म्हणाली. मालकांचं तोंड जरा वाकडं झालं, पण दुसरं गिऱ्हाईक कुठे होतं? मिस्त्रीने तात्पुरता बेल्ट चढवला, इंजिन आधी पान्याने सावकाश हाताने फिरवलं आणि मग कॉम्प्रेशन मोजलं. चारपैकी दोन सिलिंडरांत दाब जवळजवळ नव्हताच. म्हणजे हेड उतरवणं आलं.

मग तिने वहीत हिशोब मांडला, तसा तुम्हीही मांडा. समजा, तशीच चालू गाडी तुमच्या गावात २ लाखांना मिळते. हेड उतरवणं, व्हॉल्व्ह, गॅस्केट, बेल्ट, मजुरी, गाडी ओढून नेणं, सगळं धरून मिस्त्रीने ४५ हजारांचा लेखी अंदाज दिला. मग १ लाख ५५ हजार ही किंमत झाली का? मुळीच नाही! हेड उघडल्यावर पिस्टनला तडा दिसला तर तो खर्च तुमच्या पदरात. त्या धोक्याचे आणखी १५-२० हजार तरी कमी करून मागा. मालक ऐकत नसतील तर सरळ चालू गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मैत्रिणीच्या मालकांनी ऐकलं, आणि सुदैवाने पिस्टनही शाबूत निघाले. गाडी दारात यायला तीन आठवडे गेले; तोवर रिक्षाच.

पाण्याचा पंप आणि टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या. ‘कशाला उगीच?’ असं घरातून ऐकावं लागेल, पण बेल्ट तरी उगीच कुठे तुटतो? कधी त्याचं वय झालेलं असतं, कधी त्यावर तेल गळत असतं, तर कधी पंपाचं नाहीतर टेन्शनरचं बेअरिंग जाम झालेलं असतं. कारण तसंच ठेवलं तर नवा बेल्टही जाईल.

कागदांचं म्हणाल तर आरसीवर कर्जाचा बोजा आहे का आणि नोंदणीची १५ वर्षं कधी भरतात, ते पाहा. वर्षभरात भरणार असतील तर एवढा खर्च घालू नये. आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातावर ठेवू नका.

नवा बेल्ट बसला की तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. पुढचा बेल्ट कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं, किलोमीटरही आणि वर्षंही; जे आधी भरेल ते धरायचं. गाडी कमी फिरते म्हणून वर्षं विसरू नका, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. माझ्या मैत्रिणीने ती चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला, गॅसच्या नंबराशेजारी टाचली आहे.